पाणी निवते आहे, अजून थंड झालेले नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत बास माशाच्या मासेमारीवर आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठीत या विषयावर इतक्या तपशिलाने लिहिलेले क्वचितच वाचायला मिळते. जिग म्हणजे डोक्याशी धातूचा जड गोळा ओतलेला गळ; तिच्या डोक्यामागे दांडीवर मऊ प्लास्टिकचा जो तुकडा ओवतात, त्या ट्रेलरला लेखकाने स्वतंत्र जागा दिली याचे विशेष समाधान वाटले, कारण बरेच जण जिग पारखून घेतात आणि ट्रेलर मात्र पेटीत हाताला लागेल तो ओवून मोकळे होतात. तथापि लेखाच्या अखेरीस चौकटीत दिलेला नियम मला पटला नाही. पाण्याचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की फडफडत्या नांग्यांचे ट्रेलर बाजूला ठेवावेत आणि जवळजवळ न हलणारा आखूड तुकडा लावावा, असा त्याचा आशय आहे. हा नियम थंड पाण्याला लागू पडतो. लेखाचा मथळा मात्र निवत चाललेल्या पाण्याविषयी होता, आणि या दोहोंत जो फरक आहे तोच चौकटीत पुसला गेला आहे.

बास हा शीत रक्ताचा प्राणी आहे, त्याच्या अंगाची ऊब पाण्याबरोबर उतरते, पचन मंदावते आणि भूकही मंदावते, याबद्दल वाद नाही. साधारण १० अंशांच्या खाली लार्जमाउथ बास भक्ष्याचा लांबवर पाठलाग करण्याच्या फंदात सहसा पडत नाही. परंतु उन्हाळ्यातल्या २७-२८ अंशांवरून पाणी २० वर आणि तेथून १३-१४ वर येते, तो काळ मासा सुस्तावण्याचा नसून पोट भरून घेण्याचा असतो. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथल्या जलाशयांत याच दिवसांत शॅड, म्हणजे हेरिंगच्या जातकुळीतले चंदेरी मासे, थव्याथव्यांनी फाट्यांच्या आत उथळाकडे सरकतात आणि बास त्यांच्या मागोमाग जातो. वसंतात पाणी ७ वरून चढत १३ वर आलेले असते, तेव्हाचा बास हिवाळ्यातून उठून बसत असतो. शरदात तेच १३ अंश गाठणारा बास काही आठवडे सतत खात आलेला असतो. थर्मामीटरवर आकडा एकच दिसतो, पण त्या आकड्यावर मासा कोणत्या बाजूने आला हे ध्यानात घेतल्याखेरीज ट्रेलर निवडणे म्हणजे अर्धेच काम करणे होय.

हे मला पुस्तकातून कळले असे नाही. काही वर्षांपूर्वी शरदाच्या उत्तरार्धात मी आणि माझा एक जुना सोबती एकाच होडीतून, एकाच खडकाळ उतारावर, एकाच वजनाच्या जिग टाकत होतो. पाणी १३ अंशांवर होते. मी तेव्हा आपल्या लेखातल्या नियमावर श्रद्धा ठेवून जाडसर, दोन बोथट शेपट्यांचा तुकडा लावला होता आणि तो तळावरून इतक्या सावकाश ओढत होतो की लाइन सैल पडली तरी कळू नये. सोबत्याच्या जिगवर पातळ, रुंद नांग्यांचा ट्रेलर होता. तो जिग तळावर टेकवायचा, दोन वेळा उसळवायचा आणि पुन्हा खाली सोडायचा. माशांचा झटका त्याला बहुतेक वेळा जिग खाली येत असतानाच मिळत होता. दुपारपर्यंत त्याने सात मासे पकडून पुन्हा पाण्यात सोडून दिले आणि माझा एकही झाला नव्हता. त्याच्या पाचव्या माशाचे तोंड उघडले, तेव्हा घशाशी शॅडची शेपटी दिसत होती. घशात एक भक्ष्य अडकलेले असताना त्या माशाने दुसऱ्यावर झडप घातली होती. अशा माशासमोर निपचित पडलेला तुकडा ठेवून मी नेमकी कसली वाट पाहत होतो, हे आज सांगवत नाही.

त्याच उतारावर तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. मध्ये एक थंडीची लाट येऊन गेली होती आणि पाणी ८ अंशांवर उतरले होते. सोबत्याचा तोच फडफडता ट्रेलर त्या दिवशी कोरडा गेला आणि माझा जाड तुकडा चालला. म्हणजे चौकटीतला नियम खोटा नव्हता, त्याचे टोक चुकीच्या आकड्यावर रोवले होते.

ट्रेलरकडे सहसा शोभेची शेपटी म्हणून पाहिले जाते. खरे तर तो तीन कामे करतो. जिग किती वेगाने खाली जाईल हे तो ठरवतो, जिगची हालचाल किती दिसेल व किती जाणवेल हे ठरवतो, आणि समोरून पाहणाऱ्या माशाला घास केवढा वाटेल हेही ठरवतो. निवत्या पाण्यात यातले पहिले काम सर्वांत मोलाचे आहे, आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. रुंद, चपटे अंग असलेला तुकडा पाण्यात छत्रीसारखा पसरतो आणि १० ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे ३/८ औंसाच्या, जिगला तरंगत तरंगत खाली उतरवतो. त्याच जिगवर सडपातळ गांडुळासारखा तुकडा लावला तर ती दगडासारखी तळ गाठते. रुंद नांग्या जोरजोरात फडफडत असतील तर त्यांचा रोध आणखी वाढतो. त्यामुळे ट्रेलर बदलला की जिगचे वजनही फिरून तपासावे लागते. जाड तुकडा काढून सडपातळ लावला आणि वजन तेच ठेवले, तर आपण हालचाल कमी केली असे समजतो, पण प्रत्यक्षात पडण्याचा वेग वाढवलेला असतो. सुस्तावत चाललेल्या माशासाठी आपण नेमके उलटे केलेले असते.

येथे एका समजुतीचा निकाल लावून टाकतो, कारण ती लेखातही डोकावली आहे. गार पाणी दाट असते म्हणून जिग आपोआप सावकाश पडते, असे बरेच जण सांगतात. २० अंशांच्या पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे ९९८.२ किलो आणि १० अंशांच्या पाण्याची ९९९.७ किलो असते. फरक एक टक्क्याच्या सहाव्या भागाइतकाही नाही. पाण्याचा चिकटपणा या दोन तापमानांमध्ये सुमारे ३० टक्के वाढतो हे खरे, पण जिगएवढी जड आणि वेगाने पडणारी वस्तू चिकटपणाला फारशी जुमानत नाही. तिला अडवतो तो तिच्या आकाराचा रोध. तेव्हा जिग सावकाश पडावी असे वाटत असेल तर ते काम ट्रेलरकडून किंवा वजनाकडून करून घ्यावे लागते. पाणी ते फुकट करून देत नाही.

तापमानाचा खरा परिणाम होतो तो प्लास्टिकवर. मऊ प्लास्टिकची आमिषे बव्हंशी पीव्हीसी आणि त्याला मऊ करणारे तेलकट द्रव्य यांच्या मिश्रणाची असतात. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ॲक्रन येथे निक क्रीम यांनी मऊ प्लास्टिकची गांडुळे तयार केली, तेव्हापासून हा धंदा मुख्यतः त्याच घरातल्या रसायनावर चालत आला आहे. हे मिश्रण गारठले की ताठरते. दुकानात हातात घेऊन हलवल्यावर जी नांगी थुईथुई नाचते, तीच ९ अंशांच्या पाण्यात मुक्या घंटेसारखी लोंबत राहू शकते. पाकिटावर काय लिहिले आहे यापेक्षा नांगीच्या मुळाशी प्लास्टिक किती पातळ आहे हे पाहावे. मूळ पातळ आणि टोक जाड असेल तर ती गारव्यातही हलते. मुळापासून टोकापर्यंत सारखीच जाड असेल तर हलत नाही.

यासाठी घरच्या घरी करता येणारी एक परीक्षा मी दरवर्षी करतो. मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फ टाकायचा, थर्मामीटर १२ अंशांवर स्थिरावला की पेटीतले ट्रेलर एकेक करून जिगवर ओवायचे, पाच मिनिटे पाण्यात बुडवून ठेवायचे आणि मग सावकाश ओढून पाहायचे. नंतर आणखी बर्फ टाकून ८ अंशांवर पुन्हा तेच. गेल्या खेपेस तीन ट्रेलर समोर होते. पहिल्याच्या नांग्या १२ वर स्वच्छ हलत होत्या आणि ८ वर अडखळत का होईना हलत राहिल्या. दुसरा दिसायला हुबेहूब तसाच, रंगही तोच, पण १२ वरच त्याच्या नांग्या एकमेकींना चिकटून काठीसारख्या मागे ताणल्या गेल्या. तिसरा म्हणजे तो बोथट शेपट्यांचा जाड तुकडा. ओढताना त्याची हालचाल अशी काही दिसली नाही, पण ओढ थांबवली की शेपट्या किंचित वर उचलल्या जाऊन पुन्हा खाली टेकत होत्या. ते उचलणे इतके हलके होते की घमेल्यात वाकून पाहिल्याशिवाय लक्षात आले नसते. ८ अंशांच्या पाण्यात हा तुकडा का चालला होता, ते मला त्या घमेल्यापाशी उमगले. दुसरा ट्रेलर मी उन्हाळ्याच्या डब्यात परत टाकला. (या उद्योगात घरातली बर्फाची सारी तबके रिकामी होतात आणि त्यावर जे ऐकावे लागते, ते या पत्राच्या कक्षेबाहेरचे आहे.)

जुन्या लोकांना ही अडचण नव्हती, कारण त्यांच्या जिगमागे डुकराच्या कातडीचा, खारवून मुरवलेला तुकडा असे. तो कितीही गारठ्यात लवचीक राही. त्याचा दोष वेगळा होता. होडीत जिग घटकाभर उन्हात राहिली की कातडी वाळून गळावर लाकडासारखी आवळून बसे आणि चाकूने कापून काढावी लागे. अमेरिकेत वर्षानुवर्षे हा माल पुरवणाऱ्या अंकल जॉश या नामांकित कंपनीने गेल्या दशकात त्याचे उत्पादन बंद केले आणि बहुतेकांसाठी तो अध्याय संपला. त्या लवचीकपणाच्या जवळ जाणारा आजचा पर्याय म्हणजे रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या इलॅस्टोमरचे ट्रेलर. ते गारव्यात फारसे ताठरत नाहीत, सहजासहजी फाटत नाहीत आणि मुख्य म्हणजे तरंगतात. जिग तळावर स्वस्थ पडलेली असताना तिच्या मागे नांग्या उभ्या राहतात, जणू क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्यांचा, झिंग्यासारखा प्राणी, अंगावर येणाऱ्याला धमकावतो आहे. १० अंशांच्या खाली, जिथे जिग अर्धा-अर्धा मिनिट हलवायचीच नसते, तिथे ही उभी नांगी फडफडीपेक्षा जास्त बोलते असा माझा अनुभव आहे. मात्र हे ट्रेलर साध्या पीव्हीसीच्या ट्रेलरसोबत एका डब्यात ठेवू नयेत. दोन्ही एकमेकांना वितळवून त्यांचा चिकट लगदा होतो.

तळ्याच्या उलथापालथीचा मुद्दा लेखात आहे, पण तो केवळ गढूळ पाण्याच्या अंगाने आला आहे. उन्हाळ्यात खोल तळ्यात वरचा कोमट थर आणि खालचा गार थर वेगवेगळे राहतात. शरदात वरचे पाणी निवून जड होते, खाली बसू लागते, दोन थरांमधली सीमा मोडते आणि वारा सगळे पाणी ढवळून काढतो. तळाचे प्राणवायू नसलेले पाणी त्यात मिसळल्यामुळे काही दिवस मासे विस्कटलेले असतात, आणि त्या दिवसांत कोणताही ट्रेलर भरवशाचा नाही हे लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु ट्रेलर निवडणाऱ्याला यातून एक व्यावहारिक गोष्ट मिळते. उलथापालथीपूर्वी होडीवरचे यंत्र पृष्ठभागाचे जे तापमान दाखवते, ते सहा-सात मीटर खोलीवरच्या माशाविषयी फारसे काही सांगत नाही. वर २० असताना खाली १४ असू शकते. पाणी एकजीव झाल्यानंतर मात्र तोच आकडा वरपासून खालपर्यंत बराचसा खरा असतो. म्हणून १५ अंशांचा नियम लावायचाच असेल तर आधी तो आकडा कोणत्या पाण्याचा आहे हे विचारावे लागेल. शिवाय सकाळी उथळावर मोजलेले तापमान दुपारच्या उन्हात दोन अंशांनी सहज चढते, आणि त्या दोन अंशांसाठी पेटी उघडून ट्रेलर बदलणाऱ्यांचा हात जितका वेळ पेटीत राहतो तितका वेळ जिग पाण्याबाहेर असते.

मी स्वतः आता आकड्यापेक्षा उतार पाहतो. आठवड्याभरात पाणी एक-दोन अंशच उतरले असेल तर पाणी १३ वर असले तरी पातळ नांग्यांचा, नीट हलणारा ट्रेलर ठेवतो. शॅड पृष्ठभागाशी पळताना दिसत असतील तर तळावर रेंगाळणारी जिग सोडून पाण्याच्या मधल्या थरातून पोहवायची जिग घेतो आणि तिच्यामागे वल्ह्यासारख्या शेपटीचा, माशाच्या आकाराचा ट्रेलर लावतो. रात्रीतून तीन-चार अंश उतरले असतील तर पाणी अजून १७ वर असले तरी दोन दिवस जाड, मंद तुकड्यावर जातो, कारण माशाला धक्का तापमानाचा नव्हे तर त्याच्या घसरणीचा बसलेला असतो. खडकाळ तळावर क्रेफिशच्या आकाराचे ट्रेलर चालतात हे लेखकाने लिहिले आहेच. पाणी निवत गेले की क्रेफिश दगडांखाली जास्त वेळ काढतात, हेही तिथे यायला हवे होते.

आकार लहान करत जावा या सल्ल्याशीही मी सहमत नाही. वसंतात जन्मलेले शॅड शरदापर्यंत बोटभर किंवा त्याहून मोठे झालेले असतात, त्यामुळे त्या काळातला घास मुळात वसंतातल्यापेक्षा मोठा असतो. लहान तुकडा उपयोगी पडतो तो मासा नुसता टोकरून सोडून देत असेल तेव्हा, आणि त्यासाठी लहान ट्रेलर विकत घेण्याची गरज नसते. आहे त्याच्याच डोक्याकडचा एक-दीड सेंटिमीटर भाग कापून टाकला की काम भागते. नांग्या तितक्याच राहतात, अंग आखूड होते आणि गळाचे टोक नांग्यांच्या जवळ येते. रंगावर लेखात दीड रकाना आहे. माझ्या मते स्वच्छ पाण्यात हिरवट-तपकिरी आणि गढूळ पाण्यात काळा-निळा एवढ्यावर भागते.

मीठ मिसळलेल्या ट्रेलरविषयी एक सूचना करावीशी वाटते. मिठाने तुकडा जड होतो, लवकर बुडतो आणि मासा तो तोंडात थोडा जास्त वेळ धरतो असे मानले जाते, पण मिठाने तो ठिसूळही होतो आणि गारव्यात दोन-चार माशांत फाटतो. फाटलेले तुकडे पाण्यात टाकण्याची सवय फार पसरली आहे. ते कुजत नाहीत, पाण्यात फुगतात आणि मासे ते गिळतात. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्याच्या विधिमंडळात मऊ प्लास्टिकच्या आमिषांवर बंदी घालण्याचे विधेयक आले होते. बंदी आली नाही, पण अशी वेळ यावी यात दोष प्लास्टिकपेक्षा आपल्या हातांचा जास्त होता. होडीत एक झाकणाची बरणी ठेवली की प्रश्न मिटतो.

आपण ती चौकट पुन्हा छापणार असाल, तर १५ अंशांच्या आकड्याऐवजी गेल्या आठवड्यात पाणी किती उतरले हा प्रश्न तिच्यात आधी यावा आणि न हलणाऱ्या तुकड्याची शिफारस १० अंशांच्या आसपास न्यावी, अशी विनंती आहे. जाता जाता लेखासोबतच्या छायाचित्राविषयी. त्यात दोन शेपट्यांचा चपटा तुकडा गळावर उभा, म्हणजे चपटी बाजू आडवी न ठेवता, ओवलेला दिसतो. असा ओवलेला तुकडा पाणी कापत सरळ खाली जातो. लेखात वर्णन केलेले तरंगत उतरणे हवे असेल तर तो पाव फेरा फिरवून, चपटी बाजू तळाला समांतर येईल असा ओवायला हवा.

आपला नम्र,
पुरवणीचा एक नियमित वाचक